आधी रस्ता, मग बाकीचं

२००६ सालच्या ऑक्टोबरात मी फुंटशोलिंगहून थिंफूला जाणाऱ्या बसमध्ये बसलो होतो. फुंटशोलिंग हे भूतानच्या दक्षिण सीमेवरचं गाव. एक रंगीत कमान ओलांडली की मागं पश्चिम बंगालमधलं जयगाव राहतं आणि पुढं लगेच घाट सुरू होतो. आयुष्यभर रस्ते बांधणं आणि ते कसे बांधावेत हे शिकवणं हाच माझा उद्योग. त्यामुळं खिडकीबाहेर डोंगर कसा कापला आहे, पाण्याला वाट कुठं दिली आहे, दरड कुठं पुन्हा पुन्हा येत असावी, याच गोष्टींवर माझी नजर. शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ बसले होते. अंगात गुडघ्यापर्यंतचा 'घो', हातात काठी. हिंदी चांगलं बोलत होते. एका वळणावर त्यांनी खाली दरीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, तिथं आमचा तंबू होता. हा रस्ता मी फोडलाय."

मग थिंफू येईपर्यंत मी ऐकत राहिलो. ते जे सांगत होते ते एका माणसाचं आयुष्य होतं आणि एका देशाच्या नियोजनाचा इतिहासही होता. आज त्याच इतिहासाबद्दल बोलणार आहे. ज्या देशात गाडीचं चाक फिरेल असा रस्ताच नाही, पैसा नाही, शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्या देशानं विकासाची सुरुवात करायची कुठून?

आधी प्रदेश डोळ्यांपुढं आणू या. भूतानचं क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक अष्टमांश. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ती साडेसात लाखांच्या आतच; नाशिक शहराच्या निम्मी म्हणा. पण एवढ्याशा देशात जमीन दक्षिणेला समुद्रसपाटीपासून दीडदोनशे मीटरवर सुरू होते आणि उत्तरेला साडेसात हजार मीटरांवर जाते. नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडं धावतात. त्यांच्यामध्ये डोंगररांगा उभ्या. त्यामुळं एका खोऱ्यातल्या माणसाला शेजारच्या खोऱ्यात जायचं तर तीन-साडेतीन हजार मीटरची खिंड ओलांडावी लागते. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्याल्पो नावाच्या एका तिबेटी साधुपुरुषानं लोखंडी साखळ्यांचे पूल बांधले, ते तिथं आजही भक्तिभावानं सांगितले जातात. जिथं पूल बांधणारा संत ठरतो, तिथं वाटांची किती वानवा असेल ते यावरून समजावं.

अशा देशाचा व्यापार शतकानुशतकं उत्तरेकडं, तिबेटशी चालत आला होता. भूतानचा तांदूळ वर जायचा, तिबेटचं मीठ आणि लोकर खाली यायची. दक्षिणेकडं दाट जंगल आणि मलेरिया. फुंटशोलिंगपासून थिंफूपर्यंत खेचरांच्या वाटेनं सहा दिवस लागत. पण १९५० नंतर चिनी फौजा तिबेटात शिरल्या, १९५९ साली ल्हासात उठाव झाला आणि चिरडला गेला. १९६० साली भूताननं उत्तरेची सीमा व्यापाराला बंद केली. देशाचं तोंडच फिरवायचं होतं. ज्या दिशेला वाट नव्हती, त्या दिशेला.

त्याआधी दोन वर्षं, सप्टेंबर १९५८ मध्ये, पंडित नेहरू भूतानला गेले होते. सोबत इंदिरा गांधी. नेहरूंचं वय तेव्हा अडुसष्ट. ते गेले कसे, हे ऐकण्यासारखं आहे. भारतातून थेट भूतानला जाण्याजोगा मार्गच नव्हता. म्हणून ते सिक्कीममधून, चौदा हजार फुटांवरची नथु ला खिंड ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले आणि तिथून घोड्यावर आणि याकवर बसून पारोला पोचले. शेजारच्या देशाच्या राजाला भेटायला तिसऱ्या देशातून जावं लागलं! पारोला त्यांची तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्याशी भेट झाली. भूताननं आपला स्वतंत्र बाणा राखावा, हीच भारताची इच्छा असल्याचं त्यांनी तिथल्या जाहीर भाषणात सांगितलं. रस्ता का हवा, याचं स्पष्टीकरण मात्र भाषणात द्यायची गरज नव्हती. पंतप्रधानांचा प्रवासच ते देत होता.

जिग्मे दोर्जी वांगचुक हे विलक्षण गृहस्थ. १९५२ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी राष्ट्रीय सभा स्थापन केली. पिढीजात दास्य मोडलं, जमिनीची फेरवाटणी केली. पण देश उघडा करायचा की नाही, याबद्दल दरबारात एकमत नव्हतं. रस्ता आला की माल येतो, माल आला की माणसं येतात, माणसं आली की हुकूमही येतात, अशी भीती होती. ती खोटी नव्हती. रस्ता भारतालाही हवा होता, तो काही निव्वळ परोपकार नव्हता. चुंबी खोऱ्याच्या कुशीत वसलेल्या या देशाकडं दिल्ली संरक्षणाच्या नजरेनंही पाहत होती. राजांनी हे सारं जाणून निर्णय घेतला. माझ्या समजुतीप्रमाणं भूतानच्या नियोजनाची खरी सुरुवात या निर्णयात आहे. पंचवार्षिक योजनेचा कागद त्यानंतरचा.

तो कागद आला १९६१ साली. भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीनं पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली. तिचा आकार साधारण साडेसतरा कोटी रुपयांचा, आणि सगळा पैसा भारताचा. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम रस्त्यांवर गेली. आजचा एखादा अर्थतज्ज्ञ विचारील, शाळा आणि दवाखाने आधी का नाहीत? उत्तर सोपं आहे. शाळेच्या भिंतीला लागणारं सिमेंट आणायचं कशावरून? खेचराच्या पाठीवर दोन गोणी जातात आणि त्याला सहा दिवस लागतात. दवाखान्यात डॉक्टर बसवाल, औषधं कशी पोचतील? नियोजन म्हणजे काय काय हवं याची यादी नव्हे. यादी कुणीही करील. कशावाचून काय अडतं हे ओळखून क्रम लावणं, हे खरं नियोजन. ज्याची तिजोरी मोठी, त्याचा क्रम चुकला तरी निभावतं. लहान देशाला ती चैन नसते.

भारताच्या सीमा सडक संघटनेनं एप्रिल १९६१ मध्ये भूतानसाठी 'दंतक' हा प्रकल्प उभा केला. इथं मला जरा माझ्या धंद्यातलं बोलू द्या. दक्षिण भूतानचे डोंगर म्हणजे हिमालयाचा पायथा. खडक ठिसूळ, थरांचा आणि पाऊस मुसळधार. सह्याद्रीचा काळा कातळ एकदा कापला की बहुतेक ठिकाणी उभा राहतो. तिथं आज कापलेला उतार उद्याच्या पावसात खाली येतो. शिवाय रस्ता तळापासूनच सुरू करावा लागतो. वरच्या भागात यंत्र नेणार कसं? म्हणजे जेवढा रस्ता झाला तेवढ्यावरूनच पुढची सामग्री जाणार. मागं एक दरड आली की पुढचं सारं काम ठप्प. माझे सहप्रवासी सांगत होते, पहिल्या वर्षी त्यांच्या हाती पहार, घण आणि टोपली यांखेरीज काही नव्हतं. सुरुंग लावणारे पथक वेगळं. धूळ बसली की हे लोक पुढं व्हायचे.

माणसं कुठून आणली? काही भारतातून, नेपाळी भाषक मजूर पुष्कळ. आणि भूतानच्या प्रत्येक खेड्यातून. बारा माणसांमागं एकानं पाळीपाळीनं कामावर यायचं, असा शिरस्ता होता. आपल्याकडच्या जुन्या वेठीचीच ही जातकुळी. आमचे गृहस्थ त्या बारातले एक. "मजुरी मिळायची?" मी विचारलं. "मिळायची, थोडी. पण नाही म्हणायची सोय नव्हती," ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता, अभिमानही नव्हता. पाऊस पडायचा, असं सांगावं तसं सांगितलं.

१९६२ सालात जीप पारोपर्यंत पोचली. पुढं रुंदीकरण, पूल आणि डांबरीकरण होत होत १९६८ साली फुंटशोलिंग-थिंफू आणि पूर्वेकडचा समद्रुप जोंगखार-त्राशिगांग हे दोन्ही मार्ग पुरे झाले. 'दंतक'ची बाराशेहून अधिक माणसं भूतानमधल्या कामांवर आजवर कामी आली आहेत. आज त्या रस्त्यावरून जाताना 'दंतक'च्या उपाहारगृहात पर्यटक डोसा खातात, पिवळ्या दगडांवरच्या यमक जुळवलेल्या सूचना वाचून हसतात. मीही हसलो. पण हा आकडा मनात ठेवून वळणं मोजली तर हसू जरा आवरतं.

क्रमाचा एक परिणाम इथंच नोंदवला पाहिजे. आधी झालेले रस्ते दक्षिणोत्तर होते, नद्यांच्या खोऱ्यांतून चढणारे. पूर्व आणि पश्चिम भूतान जोडणारा आडवा मार्ग दोचू ला, पेले ला, थ्रुमशिंग ला अशा खिंडी चढत मागाहून झाला. तोवर पूर्वेकडच्या माणसाला आपल्याच राजधानीला यायचं तर आधी आसामात उतरायचं, बंगालमधून पश्चिमेला यायचं आणि फुंटशोलिंगहून पुन्हा घाट चढायचा. प्रत्येक खोरं भारताशी जोडलं गेलं, पण एकमेकांशी जोडलं जायला वेळ लागला. रस्ता कुठं जातो यावर माणसाचे लागेबांधे ठरतात. ही गोष्ट नकाशात दिसत नाही.

विरोधही होताच. राजांच्या सुधारणांचा कारभार पाहणारे पंतप्रधान जिग्मे पाल्देन दोर्जी यांची ५ एप्रिल १९६४ रोजी फुंटशोलिंगला गोळी घालून हत्या झाली. रस्ता जिथून सुरू होतो, त्याच गावात. दरबारातली जुनी चुरस, सैन्यातली नाराजी आणि बदलाचा वेग हे सगळं त्यात गुंतलेलं होतं. बांधकामाच्या इतिहासात अशा घटना सहसा तळटीप म्हणून येतात. पण योजना म्हणजे सत्तेची फेरवाटणी असते आणि ज्यांच्या हातून काही जातं ते स्वस्थ बसत नाहीत, हे विसरून चालत नाही.

आता पैशाकडं वळू. पहिल्या दोन्ही योजना पूर्णपणे भारताच्या पैशावर चालल्या. स्वतःचं उत्पन्न म्हणावं तर किरकोळ. परकीय चलन मिळवण्यासाठी भूताननं एक गंमतीची वाट काढली, ती टपाल तिकिटांची. १९६२ पासून हा देश संग्राहकांसाठी रेशमावरची, पोलादाच्या पत्र्यावरची, अगदी ग्रामोफोनवर वाजणारी तबकडीच्या आकाराची तिकिटं काढू लागला. लोकगीत ऐकवणारं तिकीट! गंमत म्हणजे देशात स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू झालं ते त्या सुमारास, १९७३ साली. काही हौशी तरुण दर रविवारी थोडा वेळ प्रसारण करीत. पण तिकिटांवर देश चालत नाही.

देश चालला तो पाण्यावर. पहिला रस्ता ज्या वांगचू नदीच्या खोऱ्यातून चढतो, त्याच नदीवर चुखा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. करार झाला १९७४ साली. खर्च २४६ कोटी. त्यातला ६० टक्के भारताचं अनुदान, ४० टक्के कर्ज. ३३६ मेगावॉटचा हा प्रकल्प १९८६ ते १९८८ या काळात कार्यान्वित झाला आणि १९९१ मध्ये भूतानच्या ताब्यात आला. आपल्या कोयनेसारखा मोठा जलाशय इथं नाही. वाहती नदी अडवून बोगद्यातून वळवायची, उंचीवरून पाडायची आणि खाली तिचं पाणी तिला परत द्यायचं. त्यामुळं फार गावं, फार जंगल बुडालं नाही. भूतानची स्वतःची गरज तेव्हा अगदी थोडी; बाकीची वीज भारताला विकली गेली आणि सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिथून येऊ लागला. शाळा आणि औषधोपचार मोफत देणं पुढं परवडलं, त्यामागं हे पाणी आहे. पण क्रम पाहा: रस्ता नसता तर टर्बाइन डोंगरावर चढली नसती.

चुखाचं यश पाहून पुढं याच वाटेनं जायचं ठरलं. त्याच नदीवर खाली १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प २००६-०७ मध्ये सुरू झाला. मी बसमधून गेलो तेव्हा त्याचीच चर्चा होती. मग आला पुनात्सांगचू नदीवरचा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प. इथं अटी बदलल्या. अनुदान ४० टक्के आणि कर्ज ६० टक्के झालं. नंतरच्या प्रकल्पांना अनुदान ३० टक्क्यांवर आलं. कर्जावर व्याज दहा टक्के. काम २००८ साली सुरू झालं आणि जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागेचा उजवा डोंगर सरकला. डोंगर सरकला की अभियंत्याचे आराखडे पालापाचोळ्यासारखे होतात. आधार देत, खोदत, पुन्हा आधार देत वर्षं गेली. साडेतीन हजार कोटींचा अंदाज नऊ हजार कोटींच्या पुढं गेला. धरणाचं थांबलेलं काम पुन्हा हाती घ्यायचं २०२५ साली ठरलं. खालच्या अंगाचा १,०२० मेगावॉटचा दुसरा प्रकल्प मात्र अडचणींतून मार्ग काढत नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला.

आपल्याकडंही प्रकल्प रखडतात, खर्च वाढतात. आपण चार शिव्या देतो आणि पुढं जातो, कारण दुसरे शंभर प्रकल्प चालू असतात. भूतानमध्ये एक डोंगर सरकतो आणि अख्ख्या देशाच्या कर्जाचा हिशेब बदलतो. देशाचं एकूण कर्ज वार्षिक उत्पन्नाइतकं किंवा त्याहून अधिक झालं, त्यात सर्वांत मोठा वाटा या वीजप्रकल्पांचा. शिवाय जलाशय नसल्यानं हिवाळ्यात नद्या रोडावतात, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात वीज विकणारा हा देश अलीकडं थंडीत भारताकडून वीज विकत घेतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सहज बोलून जातो. लहान देशाचं दुखणं असं, की धरण अंथरुणाच्या मापाचं मिळत नाही.

भूतानचं कौतुक करताना एक पान उलटून टाकण्याची आपली रीत आहे. ती मला पसंत नाही. सहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९८७ नंतर, राष्ट्रीय अस्मितेचं जतन हे योजनेचं एक उद्दिष्ट म्हणून लिहिलं गेलं. १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या नेपाळी भाषकांना १९५८ सालच्या वास्तव्याचे कागद मागितले गेले. ज्यांच्याकडं नव्हते ते परके ठरले. पोशाख आणि भाषेची सक्ती आली, निदर्शनं झाली, दडपशाही झाली आणि १९९० नंतर सुमारे एक लाख माणसं नेपाळमधल्या छावण्यांत जाऊन पडली. २००७ पासून त्यांतल्या बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी सामावून घेतलं. ज्या लोकांचे भाऊबंद घण घेऊन डोंगर फोडायला आले होते, त्यांनाच त्या रस्त्यानं उतरून जावं लागलं. योजनेच्या अहवालात रस्त्याचे किलोमीटर असतात. त्यावरून कोण गेलं आणि कशासाठी, हा रकाना नसतो.

आणि तरीही भूतानकडून शिकण्यासारखं आहे, असं मी म्हणतो. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी मांडलेला सकल राष्ट्रीय आनंदाचा विचार जगभर गाजला, त्यावर मी बोलत नाही. त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला मोलाची वाटते ती थांबण्याची तयारी. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट या देशानं १९९९ पर्यंत येऊ दिलं नाही. २००८ च्या राज्यघटनेत देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील असं कलमच आहे. जंगल हे नदीचं आगर आणि नदी ही तिजोरी, हा व्यवहार त्यामागं आहे. डोंगर उघडा पडला तर रस्ताही जाईल आणि वीजही जाईल, हे ज्यांनी घाटातल्या दरडी उपसल्या त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता पुढचा टप्पा रेल्वेचा आहे. आसामातल्या कोक्राझारहून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर आणि बंगालमधल्या बानरहाटहून साम्त्सेपर्यंत २० किलोमीटर, असे दोन मार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. भूतानच्या भूमीवरचा हा पहिला लोहमार्ग असेल. गेलेफूला नवं शहर वसवायची योजना डिसेंबर २०२३ मध्येच मांडली गेली आहे. शिकलेले तरुण मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला निघून जात आहेत, त्यांना देशातच काम मिळावं हा त्यामागचा एक हेतू. साठ वर्षांपूर्वी प्रश्न होता माल वर कसा न्यायचा. आज प्रश्न आहे माणूस इथं कसा राहील. पहिल्याचं उत्तर पहार आणि सुरुंग देऊ शकले. दुसऱ्याचं उत्तर रूळ देतील का, हे मला सांगता येणार नाही.

बस थिंफूत शिरली तेव्हा संध्याकाळ झाली होती. उतरताना मी त्या गृहस्थांना विचारलं, एवढे कष्ट काढलेत, रस्ता झाला हे चांगलंच झालं ना? ते थोडा वेळ काठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "माझी आई आजारी पडली तेव्हा रस्ता नव्हता. ती गेली. बायको आजारी पडली तेव्हा रस्ता होता. ती वाचली. माझी तीन मुलं याच रस्त्यानं गेली, ती सणाला येतात." इतकं बोलून ते सामान उतरवायला वळले. मी त्यांची पेटी हाती घेतली. चांगली जड होती. आत गावाकडचे तांदूळ होते, थिंफूतल्या मुलासाठी नेलेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)